गळ्याखालची सूज, कानामागची गोचीड: जनावरांतले परजीवी ओळखायचे कसे आणि रोखायचे कसे?

भाताची कापणी होते, खाचरं मोकळी होतात आणि त्यात गुरं चरायला सोडली जातात. पुढचे दोन-तीन महिने वरवर सगळं ठीक दिसतं. मग दूध हळूहळू उतरू लागतं, अंगावरची चमक जाते, केस राठ होतात. संध्याकाळी चरून आलेल्या गाईच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसते. सकाळी ती बरीच ओसरलेली असते, त्यामुळे "काहीतरी चावलं असेल" म्हणून विषय सोडून दिला जातो.

ही सूज चावल्याची नसते. दिवसभर मान खाली घालून चरताना रक्तातलं पाणी तिथे साठतं, आणि ते साठतं कारण रक्तातली प्रथिनं कमी झालेली असतात. ती कमी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे यकृतात किंवा पोटात बसलेले परजीवी.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, निर्मळच्या पुढे कळंब हे किनाऱ्यावरचं गाव आहे. मुंबईहून एका दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांना इथला समुद्र माहीत असतो. पण या पट्ट्याची दुसरी ओळख म्हणजे वाड्या, भातखाचरं आणि बावखलं, म्हणजे वाड्यांना पाणी देण्यासाठी राखलेली गोड्या पाण्याची डबकीवजा तळी. वसई तालुक्यात म्हशींचे तबेले आहेत, घरोघरी शेळ्या आणि एखाद-दुसरी गाय आहे, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत आणि गल्लोगल्ली कुत्री आहेत. उष्ण हवा, चार महिने पाऊस, साचलेलं गोडं पाणी आणि एकमेकांच्या जवळ राहणारी इतक्या प्रकारची जनावरं एकत्र आली की परजीवींना आणखी काही लागत नाही.

परजीवी म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. जनावरांमध्ये ते ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. गोचीड, उवा, पिसवा आणि खरजेचे किडे अंगावर राहतात. गोल, चपटे आणि फितीसारखे जंत पोटात, आतड्यात आणि यकृतात राहतात. तिसरे असतात रक्तात, आणि ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतच नाहीत.

यातली बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की यातल्या बहुतेक परजीवींच्या आयुष्याचा मोठा भाग जनावराच्या बाहेर जातो. पाण्यात, गवतावर, गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत, माशीच्या सोंडेत. म्हणूनच नुसतं औषध पाजून जनावर काही दिवस सुधारतं आणि पुन्हा तिथेच येतं.

बावखलातली गोगलगाय आणि गाईचं यकृत

किनारपट्टीच्या भातपट्ट्यातला सगळ्यात महत्त्वाचा जंत म्हणजे लिव्हर फ्लूक, अर्थात यकृतातला चपटा कृमी. भारतात आढळणारी त्याची मुख्य जात फॅसिओला जायगँटिका. आकार पिंपळाच्या नाही, तर कडुनिंबाच्या पानासारखा लांबट, आणि पूर्ण वाढ झाल्यावर लांबी अडीच ते साडेसात सेंटिमीटर. एवढा मोठा जीव पित्तनलिकेत बसलेला असतो.

त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात गेलं तर उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून केसाळ, पोहणारी अळी निघते. तिच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात लिम्निया नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय सापडली तर ती तिच्या अंगात शिरते, नाहीतर मरते. गोगलगायीच्या अंगात मात्र एका अळीच्या शेकडो होतात. काही आठवड्यांनी त्या बाहेर पडतात, पाण्यालगतच्या गवतावर किंवा भाताच्या काडीवर चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून वाट पाहतात. गाय ते गवत खाते. अळ्या आतड्यातून पोकळीत आणि तिथून यकृतात घुसतात, दोन-तीन महिने यकृत पोखरत फिरतात आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावून अंडी घालू लागतात.

या प्रवासातल्या दोन गोष्टी पशुपालकाच्या थेट उपयोगाच्या आहेत.

पहिली, लिम्निया गोगलगायीला गोडं पाणी लागतं. खाजणाच्या खाऱ्या पाण्यात ती तगत नाही. समुद्राकाठच्या गावात फ्लूकचा धोका समुद्राच्या बाजूने नसतो. तो असतो वाडीच्या बाजूने, बावखलाच्या काठावर, पाटाच्या कडेला, पाणी साचून राहिलेल्या खाचरात. उन्हाळ्यात बाकी सगळं वाळतं तेव्हा हिरवं गवत नेमकं याच काठांवर उरतं आणि गुरं तिथेच गोळा होतात.

दुसरी, अंडी शेणात दिसायला लागण झाल्यापासून साधारण तीन-चार महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागण झालेल्या गाईचं शेण डिसेंबरमध्ये तपासलं तर अहवाल "अंडी आढळली नाहीत" असा येऊ शकतो, आणि त्याच वेळी आत यकृत पोखरलं जात असतं. अहवाल खोटा नसतो, तो लवकर काढलेला असतो. म्हणून पशुवैद्यक शेणाच्या अहवालाबरोबर पापणीचा फिकेपणा, जबड्याखालची सूज, घटलेलं वजन आणि जनावर कुठे चरलं हेही विचारतात. ही माहिती मालकाने न विचारताही सांगावी.

रोखायचं कसं? बावखलाच्या काठावर गुरं थेट सोडू नयेत, पाणी काढून कुंडीत पाजावं. पाण्यात बुडालेला काडीचा खालचा भाग सगळ्यात धोक्याचा असतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यातलं गवत बुडापासून कापून ओलंच घालू नये. कडक उन्हात नीट वाळलेल्या पेंढ्यात या अळ्या तगत नाहीत, पण ओलसर राहिलेल्या पेंढ्यात तगतात. शेण थेट पाण्यात किंवा भातखाचरात न टाकता खड्ड्यात कुजवलं तर त्या उष्णतेत अंडी मरतात. बदकं गोगलगायी आवडीने खातात. आशियातल्या भातउत्पादक देशांत बदकांचा असा वापर होतो, आणि वसईच्या वाडीत बदकं पाळणं काही नवलाचं नाही.

एक गैरसमज जाता जाता. कृमी असलेलं यकृत शिजवून खाल्ल्याने माणसाला फ्लूक होत नाही. माणसाला तो होतो तो पाण्यात वाढलेल्या वनस्पती कच्च्या खाल्ल्याने, कारण लागण करणारी अळी पानावर असते. फ्लूकने खराब झालेलं यकृत खाण्यालायक नसतं, ती वेगळी गोष्ट.

घोरणारी गाय आणि खाजणारे पाय

गाय घोरते हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण नाकातून चिकट, कधी रक्तमिश्रित स्राव येत असेल, श्वासाचा घरघर आवाज लांबून ऐकू येत असेल आणि नाकपुडीत आत फुलकोबीसारखी वाढ दिसत असेल तर ते शिस्टोसोमा नेझेल या रक्तकृमीचं लक्षण असू शकतं. हे कृमी नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहतात. १९३३ मध्ये मद्रास प्रांतातले पशुवैद्यक एम. अनंत नारायण राव यांनी त्यांचं वर्णन केलं. त्यांची अंडी शेणात नाही, नाकाच्या स्रावात सापडतात. शेण तपासून "जंत नाहीत" असं कळलं तरी घोरणाऱ्या गाईबाबत त्याचा काही उपयोग नाही.

याच कुळातले इतर कृमी आतड्याच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रक्त-शेंब मिसळलेली हगवण लावतात. या सगळ्यांचा मधला मुक्काम इंडोप्लॅनॉर्बिस या चपट्या, गुंडाळलेल्या शंखाच्या गोगलगायीत असतो. फ्लूकची अळी तोंडावाटे जाते, पण या कृमींच्या अळ्या थेट कातडीतून आत शिरतात. जनावर पाण्यात उभं राहिलं एवढं पुरे.

लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिल्यावर पायांना लाल पुटकुळ्या येतात, कंड सुटतो. याचं एक कारण जनावरांच्या याच अळ्या असतात. माणसाच्या कातडीत शिरल्या की त्या तिथेच मरतात, पण खाज मागे ठेवतात. माणसात पूर्ण वाढणाऱ्या शिस्टोसोमाची लागण भारतात अगदी दुर्मीळ आहे, आणि तिचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कोकणातलंच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. तिथेही धागा गोड्या पाण्यातल्या गोगलगायीपर्यंतच गेला.

रेडकाला आईच्या दुधातून जंत

तबेल्यात जन्मलेलं रेडकू दोन-तीन आठवड्यांत खंगू लागतं, पोट सुटतं, शेण मातकट रंगाचं आणि घाण वासाचं होतं, तोंडाला आंबूस वास येतो. यामागे बहुतेकदा टॉक्सोकारा विट्युलोरम हा मोठा, पांढरा गोलकृमी असतो. त्याने गवताला तोंडही लावलेलं नसताना जंत आले कुठून, असा प्रश्न पडतो. उत्तर आहे आईकडून. म्हशीच्या अंगात सुप्त पडलेल्या अळ्या विण्याच्या सुमारास जाग्या होतात आणि दुधावाटे रेडकाच्या पोटात जातात. आतड्यात जंतांचा गुंता झाला तर रेडकू दगावतंही.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे, फक्त वेळ पाळावी लागते. रेडकू-वासराला पहिलं जंतनाशक साधारण दहा ते पंधरा दिवसांचं असताना द्यायचं, वजन पाहून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. महिनाभराने "आता देऊ" म्हणेपर्यंत जंतांनी लाखो अंडी गोठ्यात टाकलेली असतात. मात्र या भीतीने चीक पाजणं टाळू नये. चिकाशिवाय वासराची प्रतिकारशक्तीच उभी राहत नाही.

शेळीची पापणी उलटून पाहा

शेळ्या-मेंढ्यांचा मुख्य शत्रू हिमॉन्कस हा रक्त पिणारा जंत आहे. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण शेळीच्या पोटात पाच हजार जंत असले तर तेच अडीचशे मिलिलिटर होतं, म्हणजे मोठा पेलाभर रक्त, रोज. गंमत अशी की या जंतात हगवण असतेच असं नाही. लेंडी नेहमीसारखी, शेळी खातेय, आणि एका सकाळी गोठ्यात मेलेली सापडते.

यावर दक्षिण आफ्रिकेत एक साधी पद्धत तयार झाली. खालची पापणी हलकेच ओढून आतल्या अस्तराचा रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडायचा. लालभडक म्हणजे ठीक, पांढरट म्हणजे तातडीने उपचार. फाफा मलान या संशोधकाच्या नावावरून तक्त्याचं नाव फामाचा पडलं. तक्ता हाताशी नसला तरी दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला, सगळ्या शेळ्यांच्या पापण्या उजेडात पाहण्याची सवय तेवढीच कामाची. या पद्धतीचा मोठा फायदा असा की सरसकट सगळ्या कळपाला औषध द्यावं लागत नाही. ज्यांना गरज आहे त्यांनाच दिलं जातं आणि जंतांमध्ये औषधाला न जुमानण्याची ताकद लवकर येत नाही.

गोचीड: अंगावर थोडी, गोठ्यात जास्त

गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ती आजार आणते. गाई-म्हशींत तिच्यामुळे होणारे दोन आजार प्रत्येक पशुपालकाला माहीत असायला हवेत.

थायलेरिओसिसमध्ये ताप १०४ ते १०७ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढतो, खांद्यापुढची गाठ हाताला स्पष्ट लागेल इतकी सुजते, जनावर धापा टाकतं, डोळ्यांतून पाणी येतं, पुढे रक्त कमी होत जातं. देशी गाई आणि म्हशी हा आजार बऱ्याचदा निभावून नेतात. होल्स्टीन किंवा जर्सी संकरित गाय मात्र आठवड्याभरात आडवी होऊ शकते. यावर बुपार्व्हाकोन हे औषध आहे, आणि रक्षाव्हॅक-टी ही लस भारतातच तयार होते. औषध लागू पडण्याचा काळ आजाराच्या सुरुवातीचा असतो, म्हणून तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी रक्त तपासणं महत्त्वाचं.

दुसरा बबेसिओसिस. यात रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि लघवी लालसर ते कॉफीसारखी होते. इथे घाई करून निष्कर्ष काढू नये. नुकत्याच व्यालेल्या म्हशीत फॉस्फरसच्या कमतरतेनेही लघवी अशीच लाल होते, आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. दोन्हींतला फरक रक्ताच्या काचपट्टीवर कळतो, लघवीच्या रंगावरून नाही.

गोचीड शोधायची जागा म्हणजे कानाच्या आत आणि मागे, मानेखालची पोळी, पुढच्या पायांच्या बगला, कास आणि मांडीमधला भाग, शेपटीचं मूळ. रोज धार काढताना कासेवरून हात फिरतोच. तोच हात दोन मिनिटं कानामागे आणि शेपटीखाली फिरवला तर बरंच काही कळतं.

आता खरा मुद्दा. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरावरून खाली पडते, भिंतीच्या किंवा गव्हाणीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालून मरते. अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचीड अंडी आणि पिल्लांच्या रूपात गोठ्यात असते. त्यामुळे फवारा जनावरावर मारला आणि गोठा तसाच सोडला तर तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत. भिंतींच्या फटी बुजवून चुना लावायचा, फटींत आणि गव्हाणीखाली औषध फवारायचं, आणि अंड्यांवर औषध चालत नाही म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच करायचं. कोंबड्या गोठ्यात मोकळ्या फिरत असतील तर त्या पडलेल्या गोचिडी टिपतात. औषध मारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजावं, भर उन्हात फवारू नये, जखमेवर मारू नये, आणि अंग वाळेपर्यंत जनावर स्वतःला चाटणार नाही हे पाहावं.

फुगलेली गोचीड बोटांनी उपटून नखाने किंवा दगडाने चिरडणं ही जवळपास प्रत्येक गोठ्यातली सवय आहे. ती सोडायला हवी. कारण आहे क्रायमियन काँगो रक्तस्रावी ताप. हा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडीतून आणि लागण झालेल्या जनावराच्या रक्तातून माणसाला होतो. जनावरात त्याचं कोणतंही लक्षण दिसत नाही, माणसात मात्र तो प्राणघातक ठरू शकतो. भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद जानेवारी २०११ मध्ये गुजरातच्या अहमदाबाद जिल्ह्यात झाली, आणि उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्याला बळी पडले. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत रुग्ण आढळल्यावर शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सतर्कतेचा इशारा दिला होता. तेव्हा समाजमाध्यमांवर "दूध बंद करा" अशी भीती फिरत राहते, पण पाहायला हवं ते हाताकडे. हातमोजे घालून किंवा चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकायची. मांस कापणाऱ्यांनी आणि गोठ्यात काम करणाऱ्यांनी हातावरच्या जखमा झाकून ठेवायच्या. गोचीड चावल्यानंतर दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगायचं.

किनाऱ्यावरचे घोडे

घोड्यांमध्ये सर्रा हा आजार उपचार न झाल्यास जीव घेतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा रक्तातला परजीवी मोठ्या चावऱ्या माशांच्या सोंडेतून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने डेरा इस्माइल खान इथे घोडे आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला, म्हणून हे नाव. येणारा-जाणारा ताप, भरपूर खाऊनही उतरत जाणारं अंग, पोटाखाली आणि पायांवर सूज, चालताना मागचा भाग लटपटणं ही त्याची लक्षणं. म्हशींमध्ये तो बऱ्याचदा लक्षणांविना मुरून राहतो, त्यामुळे तबेल्याजवळ बांधलेल्या घोड्याला धोका जास्त. रक्तात परजीवी कधी दिसतो, कधी नाही, म्हणून एकदा काचपट्टी स्वच्छ आली तरी शंका असल्यास पुन्हा तपासतात.

हा जनावरांचाच आजार मानला जात होता. मग २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. जगातली माणसातली ही पहिली खात्रीशीर नोंद होती. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिन असतं, आणि या शेतकऱ्याच्या शरीरात नेमकं तेच कामाचं नव्हतं, असं पुढे तपासात दिसलं. म्हणजे घाबरण्याचं कारण नाही, पण माशा गोठ्यात का नकोत याचं याहून चांगलं उत्तरही नाही. शेण रोज उचलणं, मूत्र साचू न देणं आणि संध्याकाळी धुरी किंवा जाळी, एवढ्यावर माशांचा बराच बंदोबस्त होतो.

घोड्यांबाबत एक इशारा. गाईंवरच्या गोचिडीसाठी सर्रास मिळणारं अमिट्राझ घोड्यावर कधीही वापरू नये, त्याने आतड्यांची हालचाल थांबून जिवावर बेततं. तसंच परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं गोचीडनाशक मांजरासाठी विष आहे.

वाळूत अनवाणी

पर्यटकांशी थेट संबंध येतो तो कुत्र्यांच्या जंतांचा. कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर, सावलीतल्या वाळूत जगतात आणि उघड्या पायातून माणसाच्या कातडीत शिरतात. पायावर नागमोडी, लाल, प्रचंड खाजणारी रेघ उमटते आणि रोज थोडी पुढे सरकते. भरतीच्या लाटांनी धुतली जाणारी वाळू तुलनेने सुरक्षित असते. धोका असतो भरतीच्या रेषेच्या वर, झाडांच्या सावलीत आणि टपऱ्यांच्या मागे. तिथे चप्पल घालावी, लहान मुलांना अंथरुणावर बसवावं. पाळलेल्या पिल्लांना दोन आठवड्यांपासून जंतनाशक सुरू करतात. कुत्र्यांना कच्ची आतडी-फुप्फुसं घालू नयेत, कारण त्यातून होणारा एक फितीचा कृमी माणसाच्या यकृतात पाण्याची मोठी गाठ करतो.

नमुना नीट घेतला तरच अहवाल नीट येतो

जमिनीवर पडलेलं, सुकलेलं शेण चालत नाही. प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातात उलटी घालून गुदद्वारातून किंवा टाकताक्षणी वरच्या थरातून लिंबाएवढं शेण घ्यावं, झाकणाच्या डबीत भरावं, जनावराची खूण आणि तारीख लिहावी. उन्हात ठेवू नये, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चालेल, बर्फाच्या कप्प्यात नाही. शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावं. देताना दोन्ही तपासण्या मागाव्यात. गोलकृमींची हलकी अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगवून पाहतात, तर फ्लूकची जड अंडी तळाशी बसवून शोधावी लागतात. फक्त पहिली तपासणी झाली तर फ्लूक निसटतो. ताप असेल तर कानाच्या टोकाच्या रक्ताची काचपट्टी हवी, आणि ती कोणतंही इंजेक्शन देण्याआधी.

तपासणीची सुरुवात जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून होते. गुंतागुंतीच्या प्रकरणांसाठी १८८६ पासून सुरू असलेलं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय वसईकरांना लोकलच्या अंतरावर आहे, आणि राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे.

एकच औषध सगळ्यांवर चालत नाही

दुकानातून "जंताचं औषध द्या" म्हणून आणलेली बाटली अर्ध्या वेळा चुकीची असते. आयव्हरमेक्टिन हे त्याचं ठळक उदाहरण. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या या औषधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. गोलकृमी, उवा, खरूज यांवर ते उत्तम. पण फ्लूक आणि फितीच्या कृमींवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. भातखाचरात चरलेल्या, गळ्याखाली सूज असलेल्या गाईला आयव्हरमेक्टिन टोचलं तर पैसे गेले आणि यकृतही. फ्लूकवर ट्रायक्लाबेंडाझोल, ऑक्सिक्लोझानाइड यांसारखी औषधं लागतात, आणि त्यातही कोवळ्या अळ्यांवर चालणारं कोणतं, मोठ्यांवर कोणतं हे लागण कधी झाली यावर ठरतं. अल्बेंडाझोल गाभण जनावराला सुरुवातीच्या काळात देत नाहीत.

डोस वजनावर असतो. अंदाजाने कमी दिलं तर अर्धे जंत उरतात, आणि उरतात ते नेमके औषधाला न दबणारे. दरवेळी तेच औषध वापरल्यानेही तेच होतं. देशात अनेक ठिकाणी गोचीड सायपरमेथ्रिनला दाद देत नाही, त्यामागे हीच गोष्ट आहे.

वेळापत्रक म्हणाल तर मोठ्या जनावरांना पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा जंतनाशक देण्याची पद्धत आहे. भातपट्ट्यात हिवाळ्यातली फ्लूकची फेरी त्याहून महत्त्वाची ठरते. लाळ-खुरकूत किंवा घटसर्पाची लस टोचण्याआधी काही दिवस जंत काढलेले असले तर लसीचा परिणाम चांगला होतो.

औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस विकू नये, मांसासाठी किती दिवस थांबावं हे लिहिलेलं असतं. काही औषधं दुभत्या जनावराला अजिबात चालत नाहीत. तबेल्यात औषध दिलेल्या म्हशीच्या पायाला किंवा शिंगाला रंगीत चिंधी बांधली तर धार काढणाऱ्याच्या लक्षात राहतं आणि ते दूध वेगळं काढलं जातं. दवाखाना लांब असेल किंवा जनावर उठत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. फोन करताना जनावर गाभण आहे का, शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं, हे हाताशी ठेवावं.